अधिवेशनाचा ठराव आणि गावातील शाखा

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी ७ डिसेंबर रोजी आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो. १९४९ पासून ही प्रथा चालत आली आहे. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा लहानसा ध्वज छातीवर लावून आपण निधीत यथाशक्ति भर घालतो. समाजाने सैनिकाला काय द्यावे, याविषयी या दिवशी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मी याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. गणवेश उतरवून गावी परतलेला सैनिक समाजाला काय देऊ शकतो आणि त्याचे हे देणे समाजापर्यंत पोहोचावे म्हणून कोणत्या प्रकारची व्यवस्था लागते, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

यासाठी मी अमेरिकेतील एका संस्थेचे उदाहरण निवडले आहे. ‘अमेरिकन लीजन’ हे तिचे नाव. माजी सैनिकांची ही संघटना १९१९ साली स्थापन झाली. तिची वार्षिक राष्ट्रीय अधिवेशने, तिचे ठराव, तिला लाभलेले यश आणि तिच्या हातून घडलेल्या चुका या सर्वांची नोंद उपलब्ध असल्यामुळे तिच्यापासून शिकणे सोपे आहे. आपली आणि त्यांची परिस्थिती भिन्न आहे, हे मी विसरत नाही. तथापि, युद्ध संपल्यावर किंवा सेवेची मुदत भरल्यावर घरी आलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न सर्व देशांत एकच आहे.

संस्थेचा जन्म

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या वेळी सुमारे वीस लाख अमेरिकन सैनिक युरोपात होते. सर्वांना एकदम परत नेण्याइतकी जहाजे नव्हती. घरची ओढ, हाताला काम नाही आणि परतल्यावर नोकरी मिळेल की नाही याची चिंता, अशा मनःस्थितीत महिने चालले होते. या परिस्थितीत १५ ते १७ मार्च १९१९ या दिवसांत पॅरिस येथे काही सैनिक आणि अधिकारी एकत्र आले आणि संघटनेची कल्पना पुढे आली. मे महिन्यात सेंट लुईस येथे दुसरी सभा झाली. १६ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकन काँग्रेसने संस्थेला सनद दिली आणि १० ते १२ नोव्हेंबर या काळात मिनिआपोलिस येथे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले.

आरंभीच ठरविलेल्या काही गोष्टी येथे नमूद केल्या पाहिजेत. संस्थेत हुद्द्याला स्थान नाही; सेनापतीचे मत एक आणि साध्या शिपायाचे मतही एकच. संस्थेच्या नावाने कोणत्याही राजकीय पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करावयाचा नाही. युद्धकाळात सेवा केलेल्या स्त्रियांनाही सभासदत्वाचा आणि मतदानाचा अधिकार मिळाला. त्या वेळी देशभरातील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीतील मताधिकार अजून मिळावयाचा होता. याशिवाय, आपल्या वस्तीविषयी, राज्याविषयी आणि राष्ट्राविषयी प्रत्येक सभासदाचे व्यक्तिगत कर्तव्य आहे, ही गोष्ट संस्थेच्या घटनेच्या प्रास्ताविकातच समाविष्ट झाली. या क्रमात वस्ती पहिली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ठरावाचा प्रवास

संस्थेची रचना आपल्या पंचायत राज्य व्यवस्थेशी परिचित असलेल्या श्रोत्यांना चटकन समजेल. सर्वांत खाली गावातील किंवा शहराच्या भागातील शाखा असते. तिला तेथे ‘पोस्ट’ म्हणतात. पुष्कळ शाखांना त्या त्या गावच्या, रणांगणावर कामी आलेल्या सैनिकाचे नाव दिलेले असते. शाखांवर जिल्हा, जिल्ह्यांवर राज्यशाखा आणि त्यावर राष्ट्रीय संस्था, अशी ही उतरंड आहे. राष्ट्रीय कार्यालय इंडियानापोलिस येथे आहे. शाखांची संख्या बारा हजारांहून अधिक आहे.

राष्ट्रीय अधिवेशन दरवर्षी वेगवेगळ्या शहरात, बहुधा उन्हाळा सरताना, भरते. राज्यशाखा आपल्या सभासदसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी पाठवितात. शहरातून संचलन निघते, दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जाते, एका वर्षासाठी राष्ट्रीय प्रमुखाची निवड होते. व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. शत्रूच्या बंदिवासात राहिलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी ही खुर्ची असते. सर्व अधिकृत सभांत ती ठेवावी, असा ठराव १९८५ च्या अधिवेशनाने केला.

परंतु अधिवेशनाचे खरे काम समित्यांच्या खोल्यांत चालते. एखाद्या लहान शाखेने आपल्या बैठकीत मांडलेला विषय जिल्ह्याकडे, तेथून राज्यशाखेकडे आणि तेथून राष्ट्रीय अधिवेशनाच्या समितीकडे जातो. समिती त्याची छाननी करते, त्यासारखे इतर ठराव एकत्र करते आणि शिफारशीसह सभागृहापुढे ठेवते. सभागृहाने तो मंजूर केला की तो संस्थेचा आदेश होतो आणि पदाधिकाऱ्यांना तो पाळावा लागतो.

या पद्धतीने नेतृत्वाला वळण कसे लागते, याचे एक उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने एक भरपाई मंजूर झाली होती. मात्र तिची रक्कम १९४५ साली हाती यावयाची होती. मध्यंतरी मंदीचे संकट आले. रक्कम ताबडतोब द्यावी, अशी मागणी वाढली. १९३१ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात स्वतः राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी येऊन ही मागणी न करण्याचे आवाहन केले आणि अधिवेशनाने ते मान्य केले. पुढल्या वर्षी हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन झोपड्या घालून राहिले. २८ जुलै १९३२ रोजी सैन्य पाठवून त्यांना हुसकावण्यात आले. त्यानंतर त्याच वर्षी पोर्टलंडच्या अधिवेशनाने प्रचंड बहुमताने आपली भूमिका बदलली आणि रक्कम ताबडतोब देण्याची मागणी केली. १९३६ साली तसा कायदा झाला. वर बसलेल्यांचे मत आणि खालच्या शाखांतील वस्तुस्थिती यांत अंतर पडले, तर ते भरून काढण्याची जागा म्हणजे अधिवेशन, एवढा बोध यातून घेता येतो.

एका कायद्याची कथा

लीजनचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९४४ चा सैनिक पुनर्वसन कायदा. तो ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच १९४३ च्या सप्टेंबरमध्ये ओमाहा येथील अधिवेशनात परतणाऱ्या सैनिकांचा प्रश्न ऐरणीवर आला. संस्थेने एक समिती नेमली. कान्सस राज्यातील वकील आणि संस्थेचे माजी राष्ट्रीय प्रमुख हॅरी कॉल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर, या विधेयकाचा पहिला मसुदा स्वहस्ते लिहून काढला. शिक्षण व प्रशिक्षणाचा खर्च, घर, शेती किंवा धंद्यासाठी कर्जाची हमी आणि काम मिळेपर्यंत काही काळ भत्ता, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या.

विरोध कमी नव्हता. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्या विद्वानांना, अशाने विद्यापीठांचा दर्जा खालावेल, अशी भीती वाटत होती. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची मते समसमान पडली आणि विधेयक अडले. निर्णायक मत असलेले सदस्य जॉन गिब्सन हे दूर जॉर्जिया राज्यात आपल्या घरी होते. लीजनच्या कार्यकर्त्यांनी त्यांचा शोध घेतला, रातोरात मोटारीने आणि विमानाने त्यांना राजधानीत आणले आणि १० जून १९४४ रोजी त्यांच्या मताने विधेयकाचा मार्ग मोकळा झाला. २२ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

परिणाम सर्वश्रुत आहे. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले; त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. ज्या घराण्यांत पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, तेथे अभियंते, शिक्षक आणि डॉक्टर निर्माण झाले. दर्जा खालावण्याची भीती खोटी ठरली. वयाने प्रौढ आणि शिस्तीत वाढलेले हे विद्यार्थी अभ्यासात मागे राहिले नाहीत.

परंतु शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर बोलताना या कथेची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. कायद्याच्या भाषेत वर्णभेद नव्हता. त्याची अंमलबजावणी मात्र स्थानिक बँका, स्थानिक कार्यालये आणि स्थानिक शिक्षणसंस्था यांच्या हाती होती. दक्षिणेकडील राज्यांत या सर्वांची दारे कृष्णवर्णीय सैनिकाला जवळजवळ बंद होती. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांची पाहणी झाली, तेव्हा माजी सैनिकांसाठी हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ २ कर्जे कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे आढळले. लीजनही या दोषापासून मुक्त नव्हती. कृष्णवर्णीयांच्या शाखांना मान्यता द्यावी की नाही, हा निर्णय तिने आरंभीच राज्यशाखांवर सोपविला होता आणि दक्षिणेत त्याचा अर्थ काय होणार, हे उघड होते. एकाच युद्धात लढलेल्या दोन सैनिकांना एकच कायदा दोन प्रकारे भेटला. कायदा राजधानीत होतो. पण तो माणसाला भेटतो गावच्या कचेरीत. तेथील खुर्चीवर बसलेल्याची दृष्टी कोती असेल, तर उत्तमातील उत्तम ठरावही निष्फळ होतो.

वस्तीची सेवा

आता शाखांच्या रोजच्या कामाकडे वळू. प्रत्येक जिल्ह्यात वा राज्यात लीजनचे प्रशिक्षित सेवा-अधिकारी असतात. निवृत्तिवेतन, अपंगत्वाचा भत्ता, वैद्यकीय मदत यांचे अर्ज भरणे, कागदपत्रे जमविणे, अर्ज फेटाळला गेल्यास अपील करणे, ही कामे ते करतात. यासाठी ते शुल्क घेत नाहीत. अर्जदार सभासदच असला पाहिजे, अशी अटही घालत नाहीत. वर्तमानपत्रांत संचलनाची छायाचित्रे येतात, या कामाची येत नाहीत. तरीही माझ्या मते संस्थेचा पाया तोच आहे.

दुसरे काम मुलांचे. १९२५ साली साउथ डकोटा राज्यातील मिलबँक या छोट्या गावी भरलेल्या राज्यशाखेच्या अधिवेशनात मुलांसाठी बेसबॉलचे संघ काढण्याचा ठराव झाला आणि तो उपक्रम देशभर पसरला. १९३५ साली इलिनॉय राज्यात ‘बॉइज स्टेट’ हे शिबिर सुरू झाले. शाळकरी मुले काही दिवस एकत्र राहतात, स्वतःची नगरे आणि जिल्हे बनवितात, पक्ष काढतात, निवडणुका घेतात, कायदे करतात आणि ते राबवितात. १९४६ पासून राष्ट्रीय पातळीवरील शिबिर भरू लागले. मुलींसाठी अशीच शिबिरे लीजनच्या सहायक संघटनेने चालविली. १९६३ साली अशाच राष्ट्रीय शिबिरातून व्हाइट हाऊसमध्ये गेलेल्या मुलांत आर्कान्सासचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याशी त्याने हस्तांदोलन केले. पुढे तोच बिल क्लिंटन या नावाने राष्ट्राध्यक्ष झाला. परंतु या शिबिराचे श्रेय एका राष्ट्राध्यक्षापुरते मोजू नये. सभा कशी चालवावी, पराभव कसा स्वीकारावा, हे शिकून गावोगाव परतलेली हजारो मुले हेच त्याचे खरे फळ होय. १९३८ पासून संस्था राज्यघटनेवरील वक्तृत्वस्पर्धाही घेते.

याखेरीज रक्तदान, आपत्तिग्रस्तांना साहाय्य, बालकल्याणाच्या कामाला अनुदान असे अनेक उपक्रम चालतात. १९४६ मध्ये बालकांच्या संधिज्वराच्या संशोधनासाठी लीजनने अमेरिकन हार्ट असोसिएशनला ५० हजार डॉलर दिले. अलीकडे तर शाखेचे सभासद गावातील एकाकी माजी सैनिकांना दूरध्वनी करून किंवा घरी जाऊन त्यांची विचारपूस करतात. माजी सैनिकांतील आत्महत्या रोखण्याची मोहीम संस्थेने २०२२ पासून विशेष जोमाने हाती घेतली आहे. दार ठोठावून ‘कसे आहात?’ असे विचारणे, हीदेखील एक सेवाच आहे.

आपल्या माणसांची मोजदाद ठेवण्याचे महत्त्व एका दुःखद प्रसंगी जगाला कळून आले. १९७६ च्या जुलैमध्ये, २१ ते २४ या तारखांना, लीजनच्या पेनसिल्व्हानिया राज्यशाखेचे अधिवेशन फिलाडेल्फिया येथील बेल्व्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भरले. प्रतिनिधी आपापल्या गावी परतले आणि काही दिवसांतच निरनिराळ्या गावांहून ताप आणि फुप्फुसदाहाने सभासद दगावल्याच्या वार्ता राज्यशाखेकडे येऊ लागल्या. गावोगावी विखुरलेले हे मृत्यू एकाच सूत्रात गुंफले गेले, याचे एक कारण असे, की प्रत्येक शाखेला आपला माणूस ठाऊक होता. एकंदर २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड आणि त्यांचे सहकारी यांनी तोवर अज्ञात असलेला जीवाणू शोधून काढला. त्याला ‘लीजनेला’ हेच नाव मिळाले. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतील पाण्याची स्वच्छता राखण्याचे नियम पुढे अनेक देशांत झाले, त्यांच्या मुळाशी ही घटना आहे.

आपल्याला काय करता येईल?

मित्रहो, आपल्याकडे यांतील पुष्कळ गोष्टी शासनाने उभ्या केल्या आहेत. केंद्रीय सैनिक मंडळ, राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सैनिकी परंपरेची गावेही आपल्याकडे आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. माजी सैनिक गावाला काय देऊ शकतो, याचे उदाहरण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे घडले. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या किसन बाबूराव हजारे यांनी आपल्या पैशाने गावच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि पुढे ग्रामस्थांच्या श्रमदानाने पाणी अडविण्याची, माती राखण्याची कामे उभी राहिली.

एका व्यक्तीच्या प्रेरणेने एक गाव उभे राहते. पण गावोगावी तसे घडावयाचे, तर व्यवस्था हवी. आपला जवान बहुधा वयाच्या चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. हाताशी शिस्त आहे, कौशल्य आहे, उमेद आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांच्या मुदतीची भरती सुरू झाली. या योजनेत प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद करण्यात आली. उरलेले तरुण पंचविशीच्या आतबाहेर गावी परततात. त्यांच्यापुढे सारे आयुष्य असते. पॅरिसमध्ये १९१९ साली जहाजाची वाट पाहत बसलेल्या तरुणांचा प्रश्न अशा रीतीने आपल्याही उंबरठ्यावर येतो.

म्हणून तीन लहान सूचना करतो. त्यांना मोठ्या खर्चाची गरज नाही.

पहिली सूचना ग्रामपंचायतींना. गावातील माजी सैनिक, वीरपत्नी आणि वीरमाता यांची एक नोंदवही ठेवावी आणि दरवर्षी ती तपासावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याची वेळ येते, तेव्हा थकलेल्या पेन्शनरला किंवा विधवेला तालुक्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. कागदोपत्री नावात एका अक्षराचा फरक असल्यामुळे निवृत्तिवेतन अडून राहते, अशी प्रकरणे आपल्या ऐकिवात आहेत. गावातीलच एखाद्या जाणत्या माजी सैनिकाने जिल्हा कार्यालयाकडून माहिती घेऊन असे अर्ज मार्गी लावावेत. पंचायतीने त्याला बसण्यापुरती जागा द्यावी.

दुसरी सूचना शिक्षकांना. प्रजासत्ताक दिनी माजी सैनिकाला बोलावून त्याचा सत्कार करण्यावर आपण थांबू नये. शाळेची बालसभा, खेळाचे मैदान, आपत्तीच्या वेळचे प्रथमोपचार यांत त्याला वर्षभर सहभागी करून घ्यावे. मुलांनी निवडणूक घ्यावी, ठराव मांडावेत, हिशेब द्यावेत आणि त्यांच्या मागे शिस्तीचा हा वडीलधारा माणूस उभा असावा.

तिसरी सूचना अधिकाऱ्यांना. माजी सैनिकांचे जिल्हा मेळावे भरतात. तेथे मांडलेल्या मागण्यांची नोंद व्हावी, पुढल्या मेळाव्यात प्रथम मागील मागण्यांचे काय झाले ते वाचून दाखवावे आणि मगच नवा विषय घ्यावा. जेथे मागील ठरावाचा जाब विचारता येतो, तेथेच लोक नवा ठराव मनापासून मांडतात.

आणि या तिन्ही कामांत एक पथ्य पाळावे. नोंदवहीत गावठाणातील घराबरोबरच वस्तीवरील, तांड्यावरील आणि वाडीवरील घर आले पाहिजे. सुभेदाराबरोबर शिपायाची विधवाही आली पाहिजे. मिसिसिपीतील त्या दोन कर्जांचा आकडा आपण या एका कारणासाठी लक्षात ठेवावा.

राष्ट्रीय अधिवेशन भव्य असते, वाद्ये वाजतात, ध्वज फडकतात. ते असावे, त्याने माणसाला आपण एकटे नाही याचा प्रत्यय येतो. परंतु संचलन संपल्यावर प्रतिनिधी ज्या गावी परततो, तेथील शाखा जागी असेल तरच अधिवेशनाला अर्थ राहतो. आपल्याकडे ती शाखा म्हणजे आपली ग्रामसभा, आपली शाळा आणि आपले कार्यालय आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर माजी सैनिकांच्या नोंदवहीचा विषय घ्यावा, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!